कागद जागेवर, धोकाही जागेवर

तीन कागद होते आणि तिन्ही जागच्या जागी होते. पहिला रात्रपाळीच्या एका हेल्परने लिहिलेला: 'बेल्टजवळ सफाई करताना बाही ओढली गेली. झटका देऊन सोडवली. इजा नाही.' दुसरा त्यानंतर दीडेक महिन्याने मेंटेनन्सच्या फिटरचा: 'तीन नंबर कन्व्हेअर, टेल पुलीचं गार्ड हलतंय, एक बोल्ट नाही, तात्पुरतं तारेने बांधलं.' तिसरा हाउसकीपिंगच्या सुपरवायझरचा: 'बेल्टखाली सांडलेला माल चालू बेल्टवरच काढावा लागतो. प्रॉडक्शनवाले थांबवू देत नाहीत.' तीन माणसं, तीन पाळ्या, तीन महिने. कागद स्कॅन झाले आणि शेअर्ड ड्राइव्हवर ज्या त्या महिन्याच्या 'निअर मिस' (थोडक्यात टळलेले अपघात) फोल्डरमध्ये जाऊन बसले. चौथ्या महिन्यात त्याच टेल पुलीत, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाच्या रोलरमध्ये, एका कामगाराचा हात सापडला. दोन बोटं गेली.

त्या कारखान्यात तेव्हा सेफ्टी ऑफिसर मी होतो. तिन्ही कागद फोल्डरमध्ये मीच टाकले होते. चौकशीच्या दिवशी वीस मिनिटांत ते शोधूनही मीच काढले. बैठकीत एका वरिष्ठांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाले, "चला, निदान कागदपत्रं तरी पूर्ण आहेत." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ऑडिटची काळजी त्यांच्या डोक्यावर होती, ती उतरली, इतकंच. पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, कारण ते खरं होतं. कागदपत्रं पूर्ण होती. गार्डचा बोल्ट मात्र शेवटपर्यंत बसला नाही.

शेअर्ड ड्राइव्हला मी दोष देत नाही. त्याने त्याचं काम चोख केलं. दिलेलं सांभाळलं, मागितल्यावर परत दिलं. चूक आमची होती. साठवायच्या साधनावर आम्ही राखणदारीचं काम सोपवलं होतं. आणि हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. आजही असंख्य कामाच्या ठिकाणी सुरक्षेचा सगळा कारभार असाच चालतो. जोखमीचे तक्ते, परमिटच्या (धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीच्या) स्कॅन प्रती, ट्रेनिंगच्या हजेऱ्या, अपघाताचे अहवाल, सगळं एका सर्वसाधारण ड्राइव्हवर. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात, सगळ्यांकडे लॉगिन असतं, आयटी विभाग त्याला सरावलेला असतो. मग 'सुरक्षेसाठी वेगळं सॉफ्टवेअर कशाला?' हा प्रश्न खरेदीच्या बैठकीत हमखास येतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो.

माझं उत्तर सरळ आहे. जिथे यंत्रं, रसायनं, उंची, बंदिस्त टाक्या आणि बाहेरचे कॉन्ट्रॅक्टर यांच्याशी रोज गाठ पडते, तिथे वेगळं सॉफ्टवेअर हवंच. त्याचं कारण कागद आणि धोका यांच्या स्वभावातला फरक आहे.

कागद सही झाली की पुरा होतो. धोक्याचं उलट असतं, तो कळवला गेला की तिथून पुढे काम सुरू होतं. कुणीतरी तो पाहायचा, किती गंभीर आहे ते ठरवायचं, दुरुस्ती एका माणसाच्या नावावर टाकायची, तारीख घालायची, तारीख उलटली तर वरच्याला कळवायचं, दुरुस्ती झाल्यावर जाऊन पाहायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं की केलेलं टिकलंय का. फोल्डरमधल्या फाइलला यातलं काहीच ठाऊक नसतं. आपण किती दिवस पडून आहोत हे तिला कळत नाही. शेजारच्या फोल्डरमधली फाइल त्याच पुलीबद्दल बोलतेय, हेही कळत नाही. आमच्या तीन कागदांत एकाने 'बेल्ट' लिहिलं होतं, दुसऱ्याने 'टेल पुली', तिसऱ्याने 'सांडलेला माल'. ड्राइव्हवर जगातली सर्वांत चांगली सर्चची सोय असती तरी ते एकत्र यायला आधी कुणाला तरी शोधायची बुद्धी व्हायला हवी होती. तीन नंबर कन्व्हेअरला स्वतःचा क्रमांक असता आणि प्रत्येक तक्रार त्या क्रमांकाला बांधली गेली असती, तर तिसऱ्या कागदाच्या दिवशी ते यंत्र आपोआप यादीच्या वर आलं असतं. त्यामुळे अपघात नक्कीच टळला असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एवढं मात्र झालं असतं: बेल्ट चालू ठेवायचा निर्णय कुणाला तरी स्वतःच्या नावाने, समोर दिसणाऱ्या तीन तक्रारींसकट घ्यावा लागला असता.

हा फरक किती महाग पडू शकतो याचा सर्वांत मोठा दाखला उत्तर समुद्रातला आहे. ६ जुलै १९८८. पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म. तिथे कंडेन्सेटचे (वायूतून वेगळ्या होणाऱ्या ज्वलनशील द्रवाचे) दोन पंप होते. दिवसपाळीत एका पंपावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला गेला आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी धातूची चकती, बसवली गेली. संध्याकाळपर्यंत काम आटोपलं नाही, व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी बसवायचा ठरला. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीसाठी दुसरं एक परमिट होतं, पण ती दुरुस्ती सुरू झालेली नव्हती. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि काही केल्या चालू होईना. रात्रपाळीच्या लोकांना दुरुस्तीचं परमिट माहीत होतं, काम सुरू झालेलं नाही हेही दिसत होतं. म्हणजे पहिला पंप लावायला हरकत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. व्हॉल्व्ह काढलेला आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पंप सुरू झाला, फ्लँजमधून कंडेन्सेट गळलं आणि रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

न्यायाधीश लॉर्ड कलन यांनी केलेल्या या दुर्घटनेच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या. परमिट पद्धतीवर आणि पाळी बदलतानाच्या निरोपांवर त्यात बोट ठेवलेलं आहे. मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा एका गोष्टीशी थांबतो. व्हॉल्व्हच्या कामाचं परमिट निघालेलं होतं. माहिती लिहिली गेली होती. पण दोन परमिटांचा एकमेकांत उल्लेख नव्हता आणि पंप लावायला निघालेल्या माणसाच्या वाटेत ती माहिती आडवी आली नाही. तेव्हा कागदी परमिटं होती. आज आपण तीच परमिटं स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवतो आणि डिजिटल झालो म्हणतो. मांडणी मात्र १९८८ चीच राहते. दोन फाइली, दोन जागा, मध्ये दुवा नाही.

सुरक्षेसाठीच बनवलेल्या परमिट व्यवस्थेत परमिट हा कागद नसतो, ती एक अट असते. या पंपावर एखादं परमिट उघडं आहे, तर त्याचं आयसोलेशन (पंप चालू होऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त) काढायची परवानगी मिळत नाही. टाकीत उतरायचंय, तर आधी गॅस टेस्टचा आकडा हवा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान, ज्वलनशील वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेतल्या ज्या प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली, या मर्यादा या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असतात. पण पीडीएफच्या रकान्यात १७ लिहिलं तरी पीडीएफ गप्प बसतं. रकाना रिकामा सोडला तरी गप्पच. सॉफ्टवेअर तिथे अडतं. गॅस डिटेक्टरच्या कॅलिब्रेशनची मुदत संपली असेल किंवा टाकीत उतरणाऱ्याचं ट्रेनिंग गेल्या महिन्यात कालबाह्य झालं असेल, तरीही अडतं. मी अशी परमिटं पाहिली आहेत ज्यांवर दर तासाच्या रकान्यात एकाच पेनाने, एकाच बैठकीत २०.९ भरलेलं होतं. खोटं सॉफ्टवेअरमध्येही भरता येतं, पण तिथे प्रत्येक आकड्याला त्याची खरी वेळ चिकटते आणि चार तासांचे आकडे दोन मिनिटांत भरले गेले हे दुसऱ्या दिवशी दिसतं. काही ठिकाणी तर डिटेक्टरचं वाचन थेट परमिटमध्ये उतरतं, मधे पेनच नाही.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे मला वाटतं फार कमी लोक पाहतात. अपघातानंतर 'उपाययोजना' या रकान्यात काय लिहिलेलं असतं? 'संबंधित कामगारास समज दिली.' 'टूलबॉक्स टॉक (कामाआधीची छोटी सुरक्षा-बैठक) घेतला.' 'हातमोजे वापरण्याच्या सूचना दिल्या.' सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची उतरंड आहे: आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर कमी धोक्याचं काही वापरा, मग गार्ड किंवा इंटरलॉकसारखी (गार्ड उघडलं की यंत्र थांबवणारी) यांत्रिक सोय, मग नियम आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यांत शेवटी हातमोजे, हेल्मेट. समज देणं हे या उतरंडीत तळाजवळ येतं. ड्राइव्हवर पाचशे अहवाल असले तर त्यातल्या किती ठिकाणी आपण नुसती समज दिली आणि किती ठिकाणी यंत्राला हात लावला, हे कुणीच मोजत नाही, कारण त्यासाठी पाचशे फाइली उघडाव्या लागतात. प्रत्येक उपाय कोणत्या पायरीचा आहे हे नोंदवायला लावणारं सॉफ्टवेअर हा आकडा एका क्षणात समोर ठेवतं. पुढे एका ठिकाणी तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा दर दहांपैकी आठ उपाय माणसाला समजावण्याचे निघाले. त्या महिन्यात मॅनेजमेंटशी माझं जे बोलणं झालं, ते त्याआधीच्या कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आजच्या ड्राइव्हमध्येही याद्या करता येतात, आठवणीचे मेल लावता येतात, मंजुरीच्या पायऱ्या बांधता येतात, जुन्या आवृत्त्या राहतात. थोडं डोकं लावलं तर हे सगळं तिथेच उभं राहतं, वेगळे पैसे कशाला? राहतं, हे मान्य. पण मग तुम्ही सुरक्षेचं सॉफ्टवेअरच बनवायला घेतलेलं असतं, फक्त ते घरच्या घरी, एका हुशार माणसाच्या भरवशावर. आमच्याकडे असा एक इंजिनिअर होता. त्याने एक्सेलमध्ये फार सुंदर ट्रॅकर केला होता. मुदत उलटलेली कामं लाल, आठवडाभरात येणारी पिवळी. तो नोकरी सोडून गेला. पुढे कुणीतरी मधे एक कॉलम घातला आणि सूत्र हललं. तेव्हापासून मुदत उलटलेल्या कामांची संख्या शून्य दिसू लागली. शून्य पाहून कुणी शंका घेत नाही, सगळ्यांना बरंच वाटतं. पाच महिन्यांनी ते माझ्या लक्षात आलं तेव्हा त्या शून्याखाली एकतीस कामं दडलेली होती. त्यातलं एक क्रेनच्या लिमिट स्विचचं, म्हणजे हुक मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या स्विचचं, होतं.

आवृत्त्यांचंही तसंच. फाइल कुणी, कधी बदलली हे ड्राइव्ह सांगतो. जोखमीचा आकडा पंधरावरून सहावर का आला, कोणता उपाय केल्यामुळे आला, तो उपाय जागेवर जाऊन कुणी पाहिला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

अपघातांबद्दल आपण बोलतो कारण ते दिसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख माणसं कामाशी संबंधित कारणांनी मरतात, आणि त्यातली सुमारे २६ लाख अपघातांनी नाही, आजारांनी. धूळ, धूर, द्रावकं, ॲस्बेस्टॉस, तासन्‌तासांची पाळी. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग उघड व्हायला बहुतेक वेळा वीस ते पन्नास वर्षं लागतात. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, विभागाचं नाव बदललेलं असतं, कधी कधी कारखानाच उरलेला नसतो. त्या माणसाने येऊन विचारलं की मी कोणत्या वर्षी कशात काम केलं, हवेत काय किती होतं, तर उत्तर कुठून येणार? ड्राइव्हवर हवेच्या तपासणीचे अहवाल तारखेप्रमाणे लावलेले असतात. त्या तारखेला त्या शेडमध्ये कोण उभं होतं, ते हजेरीच्या वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल बहुधा केव्हाच पुसलेली. नोंद माणसाभोवती असायला हवी: हा माणूस, ही कामं, ही रसायनं, हे आकडे, ही ऐकण्याची चाचणी, हा फुप्फुसांचा अहवाल. सुरक्षा आणि आरोग्याच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तशी असते. उलट बाजूचंही बोललं पाहिजे. हेच वैद्यकीय अहवाल शेअर्ड फोल्डरमध्ये पडलेले मी पाहिले आहेत, जिथे लिंक मिळालेला कुणीही ते उघडू शकत होता. एखाद्याचं ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) त्याच्या सुपरवायझरने चहाच्या वेळी वाचावं, ही त्या माणसाची बेअदबी आहे.

सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे प्रश्न मिटला असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड विमान अफगाणिस्तानवर जळून कोसळलं, त्यातले १४ही जण गेले. या विमानाच्या सुरक्षेचं एक मोठं दस्तऐवजी काम आदल्या काही वर्षांत झालं होतं. या अपघाताचा स्वतंत्र आढावा घेणारे वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या अहवालाने त्या कामाची चिरफाड केली. ते सोपवलं गेलं तेव्हा त्यातले ४० टक्क्यांहून जास्त धोके 'खुले' म्हणून तसेच राहिले होते आणि घेणाऱ्याला त्याचा नीट अंदाजही आला नव्हता. खंडच्या खंड कागद तयार झाला आणि खुले धोके त्यातच लपले. सॉफ्टवेअरमध्येही हे होऊ शकतं. चाळीस सक्तीचे रकाने असलेला निअर मिसचा फॉर्म मी पाहिला आहे. तो आल्यावर नोंदी घटल्या आणि वरच्यांना वाटलं कारखाना सुरक्षित झाला. कामगाराला त्याच्या भाषेत, फोनवर, नेटवर्क नसतानाही, एक फोटो आणि दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. बाकीचं वर्गीकरण आमच्यासारख्यांनी करावं, त्याचाच पगार आम्ही घेतो.

आणि सगळ्यांनाच याची गरज आहे असंही नाही. दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवरचा फळा, त्यावर नाव आणि तारीख, आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहणारा मालक, हे पुरेसं आहे. धोरणं, नकाशे, यंत्रांच्या पुस्तिका ड्राइव्हवर सुखाने राहू देत. ते कागदच आहेत, त्यांना साठवणच लागते. वेगळी व्यवस्था हवी ती ज्यांचं काम अजून संपलेलं नाही अशा गोष्टींना. आणि ती घेताना करारात एक कलम न विसरता घालावं, की आपल्या सगळ्या नोंदी सर्वसाधारण स्वरूपात कधीही बाहेर काढता येतील. चाळीस वर्षं जपायची नोंद एका विक्रेत्याच्या दारात बांधून ठेवता येत नाही.

खरेदीच्या टेबलावर कोण बसतं, हा मला यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. बहुतेक ठिकाणी आयटी आणि फायनान्स बसतात, सेफ्टी ऑफिसरला शेवटी सही करायला बोलावतात. ज्यांचे हात यंत्रात जातात ते तर तिथे नसतातच. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांसाठी २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ ४५००१ या आंतरराष्ट्रीय मानकात कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग हे स्वतंत्र कलम आहे. हे प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्या कंपनीने निदान आपल्या सुरक्षेचं साधन निवडताना तरी ते कलम उघडून वाचावं.

त्या अपघातानंतर वर्षभराने आमच्याकडे सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हा मी दोन गोष्टी मागून घेतल्या. डेमोमध्ये विक्रेत्यांनी आपली रंगीत आलेखांची पानं दाखवायची नाहीत, आमचे ते तीन कागद भरून दाखवायचे. आणि गार्डचा कागद लिहिणारा फिटर बैठकीत बसेल. तो दोन तास काही बोलला नाही. तिसऱ्या विक्रेत्याचं दाखवून झालं तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, मी लिहिलेलं पुढे कुणाकडे गेलं आणि त्याचं काय झालं, ते मला माझ्या फोनवर दिसेल का?"

आधीच्या दोघांच्या व्यवस्थेत ते फक्त मॅनेजरच्या लॉगिनला दिसत होतं. तिसऱ्याने फिटरच्याच फोनवर ते उघडून दाखवलं. नोंद कोणत्या तारखेला कुणी पाहिली, बोल्ट कुणाच्या नावावर आहे, मुदत कधीची. फिटरने फोन हातात घेतला आणि ते पान बराच वेळ वाचत राहिला.